भडंगाचा ट्रेडमार्क जर्मनीत काढायचाय म्हणतेस तर

सांगलीत भडंगाचा छोटा धंदा, नावाचा ट्रेडमार्क भारतात झालेला, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे म्युनिकला निघालीयेस आणि तोच ट्रेडमार्क इथे चालेल का विचारतेयस. नाही चालत गं. ज्या देशात काढला त्या देशापुरताच. माद्रिद म्हणून एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, एका देशातल्या नोंदणीवरून दुसऱ्या देशांत अर्ज करायची, भारत २०१३ पासून तिच्यात आहे, त्यामुळे तिथल्या नोंदणीच्या जोरावर इथे अर्ज करता येतो, पण पहिली पाच वर्षं दोन्हींची गाठ मारलेली असते, तिकडचा गेला की इकडचाही जातो. निघायच्या आधी तिथल्या वकिलाला विचारून घे. फॉर्म कसा भरायचा ते वेबसाइटवर आहे, ते मी लिहीत बसत नाही.

माझा गोडा मसाला आणि मेतकूट होतं. नाव आक्का, म्हणजे माझी आजी, कराडची. इथे शब्दाचा ट्रेडमार्क रोमन अक्षरांतच होतो, देवनागरीत हवा तर चित्र म्हणून द्यायचा, म्हणून रोमनमध्ये केला. ऑनलाइन अर्ज, २९० युरो, त्यात तीन क्लास, म्हणजे मालाचे ठरलेले गट, बसतात. मसाले, पिठं, तुझं भडंग सगळं ३० नंबरच्या क्लासमध्ये, लोणचं मात्र २९. सर्टिफिकेट आलं तेव्हा मी त्याला हळदकुंकू लावलं, हसू नकोस. मला वाटलं सरकारने तपासून दिलंय म्हणजे झालं.

तिथेच फसले. तुझ्यासारखं नाव आधी कुणाचं आहे का हे इथलं ऑफिस बघतच नाही, ते आपणच शोधायचं, आणि नोंदणी जाहीर झाल्यावर तीन महिने हरकत घेता येते. मी शोधलं होतं, पण फक्त जर्मनीच्या रजिस्टरमध्ये आणि आपल्याच स्पेलिंगने. हरकत आली ती युरोपियन युनियनच्या ट्रेडमार्कवरून, तो एकच काढला की जर्मनीतही चालतो, त्यात एक के कमी आणि शेवटी एच, पण तोंडाने म्हणून बघ, तेच! इथे उच्चारही धरतात. शिवाय मधल्या काळात सरकारी वाटावीत अशी गरुडबिरुड छापलेली खोटी बिलं यायला लागली, रजिस्टरमधून पत्ते उचलून पाठवतात, ऑफिसचा काही संबंध नसतो. त्यातलं एक मी भरलंसुद्धा. नवऱ्याला दोन महिने सांगितलं नव्हतं.

आता मुलाचं. तू एका ओळीत उरकलंयस, मुलगा दुसरीत आहे, भाषा काय पटकन शिकेल. शिकेल, त्याची काळजी नाही. पण बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीच्या मे महिन्यात एक सर्टिफिकेट देतात, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तरच सरळ गिमनाझियम, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, आणि इथे आकडा कमी तेवढं चांगलं. माझ्या मुलीला गणितात २, बाकी दोन्हीत ३. सरासरी २.६६, म्हणजे रेआलशूल, त्याच्या खालची, दहावीपर्यंतची शाळा. दहा वर्षांच्या पोरीचं ठरवून मोकळे! वाईट शाळा नाहीये ती, पुढे बदलताही येतं, सगळं खरंय, तरी अजून शेजारणीने विचारलं की मी विषय बदलते.

आणि वर्ष कुठलं, तर हेच हरकतीचं. वकिलाची पत्रं यायची, मला निम्मी कळायची नाहीत, तर ती शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी मी तिच्यापुढे कागद धरायचे. जेवणाच्या टेबलाशी उभी राहून बोट फिरवत वाचायची, अडली की म्हणायची, आई हे मोठ्यांचं जर्मन आहे. त्या पोरीला जर्मनमध्ये ३. मी तिचा अभ्यास त्या वर्षी घेतलाच नाही. शाळेला शिव्या घालणं सोपं आहे, मी बरीच वर्षं तेच केलं.

नाव शेवटी सोडलं. वकिलाने सांगितलं लढण्यात पैसे जातील, मसाल्यात तेवढे सुटत नाहीत. छापलेली लेबलं अजून तळघरात आहेत, आक्काचं नाव आहे, रद्दीत कशी टाकू.

एकटेपणाचं विचारलंयस. येतो, जातो. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो तेव्हा कुकर लावायचा, शिट्टीने बरं वाटतं. त्याचं फार काही नाही.

तू नावाचं स्पेलिंग पाठव, जर्मन आणि युरोपियन दोन्ही रजिस्टरमध्ये मी बघते, मोठ्याने म्हणूनही बघते. आणि ट्रेडमार्कचं कुठलंही पत्र आलं तर मला फोटो काढून पाठव. मुलाकडून वाचून घेऊ नकोस.