जबडा दुखतो, पण रिपोर्ट नॉर्मल. मग दुखणं मनाचं का?

वेंगुर्ल्याकडच्या काजू कारखान्यात गर सोलणारी एक पस्तिशीची बाई दंतवैद्यांची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) कित्येक महिने जबडा दुखत होता, सकाळी तोंड उघडताना कट्‌कन वाजायचा. दाढा ठीक, कान ठीक, एक्स-रेमध्ये काही नाही. बसताक्षणीच ती म्हणाली, "सगळे म्हणतत, ह्यो तुझ्या मनाचो खेळ. माझ्या घोवाक काय एक होणा नाय, माकाच कित्या? मी काय नाटकां करतंय?"

हा प्रश्न माझ्याकडे बायकाच जास्त आणतात. दुखण्यापेक्षा आपण खोट्या ठरतोय, हेच त्यांना अधिक लागतं.

मी तिच्या हातात भाजलेला शेंगदाणा दिला. म्हटलं, "ताई, हा गर समजा आणि सोलून दाखवा." नखाने साल सुटायला लागली तसे ओठ घट्ट मिटले आणि गालाच्या मागच्या बाजूला सुपारीएवढा फुगवटा उठला. तिचाच हात तिथे ठेवायला सांगितला, तेव्हा ती दचकली. अख्ख्या गराला भाव, तुकड्याला कमी. तुकडा पडू नये म्हणून ती दिवसभर दात आवळून बसत होती. एरवी स्वस्थ असताना वरच्या-खालच्या दातांत थोडी फट असते, ते टेकतात ते गिळताना आणि चावतानाच.

मग तिला जबड्याचं काम सांगितलं. भातात खडा लागला की आपण विचार करण्याआधीच चावणं थांबतं. हनुवटीवर हलकी टिचकी मारली तर चावण्याचा स्नायू ७-८ मिलीसेकंदांत आकसून प्रतिसाद देतो. या प्रतिक्षिप्त क्रिया आहेत, त्यांत इच्छेचा संबंध नाही. स्नायू थकला किंवा दुखला की त्या बदलतात. चावण्याच्या स्नायूत खारं पाणी टोचून तात्पुरती वेदना निर्माण केलेल्या प्रयोगांत हा टिचकीचा प्रतिसाद वाढलेला आढळला आहे. म्हणजे दुखऱ्या स्नायूची मज्जासंस्थेशी चाललेली देवाणघेवाणच बदलते. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, हे दिसत नाही.

आणि "माकाच कित्या"? जबड्याच्या स्नायू-सांध्यांची दुखणी बायकांत पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळतात, त्यातही २० ते ४० या वयात जास्त. वेदना जाणवण्याच्या प्रक्रियेवर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचाही परिणाम होतो. पण यावरून बाईचा स्नायू लेचापेचा ठरत नाही. हलका जोर बराच वेळ धरून ठेवायचा असेल, तर बायकांचे स्नायू बहुधा पुरुषांपेक्षा उशिरा थकतात. हे ऐकल्यावर तिने डोळ्यांना पदर लावला. मला वाटतं, उपचार तिथूनच सुरू झाला.

बाकीचं साधं होतं. ताट भरून वजनाला न्यायची वेळ आली की प्रत्येक वेळी ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. रात्री गालावर कोमट शेक. काही दिवस पेज, मऊ भात, चण्या-फुटाण्यांना सुट्टी. तुकड्यांमुळे पैसे कटण्याची धास्ती मात्र खरीच होती. त्यावर आम्ही वेगळा वेळ काढून बोललो, आणि मुकादमीणबाईंशी काय बोलायचं ते तिने स्वतः ठरवलं. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण सकाळी तोंड सहज उघडू लागलं.

जबडा अडकून बसला, गालाला सूज किंवा ताप आला तर थांबू नका, डॉक्टर गाठा. चालताना-चढताना जबडा दुखून घाम फुटला, धाप लागली, तर आधी हृदयाची तपासणी.

पुढच्या खेपेला तिचा नवरा सोबत आला. गालात सुपारी होतीच. तिखट खाल्लं की तोंड जळतं का, असं विचारल्यावर तो हो म्हणाला. तीन बोटं उभी मावतील एवढं तोंड उघडायला सांगितलं, तर दोन बोटंसुद्धा जेमतेम गेली. सुपारीने तोंडाची आतली त्वचा ताठरते, तेव्हा असं होतं, फारसं दुखत नाही म्हणून लक्ष जात नाही, आणि पुढे त्यातून कॅन्सरचा धोका असतो. मी त्याच दिवशी त्याला दंतवैद्यांकडे पाठवलं. चिठ्ठी या वेळी बायकोने हातात घेतली.