चहाचा ओघळ आणि गाडीची शेपूट

गाड्यांचा आकार आणि हवेचा विरोध, या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी पाच आज घेतोय. बहुतेकांचा सूर एकच: गाडी गोलगरगरीत असली की हवा झकास कापते, नाही का? दर वेळी नाही.

प्रश्न (नाशिक): फोक्सवॅगनची जुनी बीटल अंड्यासारखी गोल होती. हल्लीच्या इलेक्ट्रिक गाड्या मात्र मागून सुरीने कापल्यासारख्या दिसतात. मग हवेच्या दृष्टीने बीटलच सरस ना?

बीटलचा ड्रॅग कोएफिशंट, आम्ही नुसतं सी-डी म्हणतो, 0.48 च्या आसपास होता. आकडा जितका लहान तितकी गाडी हवेला कमी नडते. 2021 साली आलेल्या मर्सिडीज ईक्यूएस या इलेक्ट्रिक गाडीचा आहे 0.20. म्हणजे आपलं अंडं नापासच.

समोरून हवा बाजूला सारणं तुलनेनं सोपं, खरी परीक्षा मागे असते. पातेल्यातून चहा कपात ओतून बघा. काठ बाहेर गोल वळलेला असेल तर चहा काठाला धरून पातेल्याच्या अंगावरून ओघळतो आणि ओट्यावर डबकं होतं. काठ पातळ, धारदार असेल तर धार स्वच्छ सुटते. (चहाच्या बाबतीत पृष्ठताणाचाही हात असतो. भौतिकशास्त्राच्या सरांनी लगेच पत्र धाडू नये.) गाडीच्या गोल पाठीवरून हवा थोडी वळते, मग तिला तेवढं वळण झेपत नाही आणि ती कुठेतरी सुटते. मागे भोवरे उठतात, दाब कमी होतो आणि गाडी मागे ओढली जाते.

थेंबासारखी हळूहळू निमुळती होत जाणारी शेपूट उत्तम, पण ती इतकी लांब होईल की सोसायटीत पार्किंगवरून भांडणं लागतील. 1930 च्या दशकात जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम्म यांनी यातून वाट काढली: हवा अंगाला धरून आहे तोवर शेपूट निमुळती करत न्या, मग सरळ छाटून टाका. तुम्हाला दिसतो तो ‘सुरीचा काप’ हाच. पुढच्या सिग्नलला समोर एखादी नवी गाडी असेल तर तिचे टेल-लॅम्प निरखा. बऱ्याच गाड्यांत बाहेरच्या अंगाला एक बारीक उभी कड असते, बोट फिरवलं तर हाताला लागते. पातेल्याचा धारदार काठच तो. हवेनं नेमकं तिथेच सुटावं म्हणून ठेवलेला.

प्रश्न (पुणे): रोज हडपसर–हिंजवडी करतो. उतरत्या छताची कूपे एसयूव्ही घेतली तर पेट्रोल वाचेल का?

आकडेच मांडू. एखादी साधारण गाडी धरा: सी-डी 0.32, समोरून दिसणारं क्षेत्रफळ 2.2 चौरस मीटर, वजन 1200 किलो. ताशी 40 किमीला हवेचा विरोध साधारण 52 न्यूटन, म्हणजे पाच किलोची पिशवी उचलण्याइतका. टायरांचा विरोध त्याच वेळी 140 च्या घरात. ताशी 100 ला हवा 325 न्यूटनवर पोचते, टायर जवळपास तिथेच राहतात. तुमच्या रस्त्यावर 40 चा वेग मिळाला तरी पेढे वाटाल, तेव्हा आधी टायरमधली हवा तपासा.

शिवाय उतार दिसला म्हणजे विरोध घटला, असंही नाही. 1984 मध्ये अहमद आणि सहकाऱ्यांनी एका साध्या ठोकळ्यावर प्रयोग केले. मागचा उतार 30 अंशांच्या जवळ गेला की दोन्ही कडांवरून जोरदार भोवरे सुटून विरोध उलट वाढला. छप्पर आवडलं असेल तर खुशाल घ्या, फक्त घरी पेट्रोलचं कारण सांगू नका.

प्रश्न (कोल्हापूर, डिझाइनची विद्यार्थिनी): निसर्गात सरळ रेषा नसतात. मग निसर्गाचा आकार घेतला की वायुगतिकी आपोआप साधणार ना?

हा मोह मोठमोठ्यांना पडला आहे. 2005 मध्ये मर्सिडीजने बॉक्सफिश नावाच्या चौकोनी माशावरून ‘बायॉनिक’ ही प्रायोगिक गाडी केली. सी-डी 0.19, खरोखर उत्तम. पण 2015 मध्ये संशोधकांनी माशालाच तपासलं, तेव्हा कळलं की त्याचं शरीर इतर माशांच्या मानाने पाण्याला जास्तच नडतं आणि त्याला सरळ रेषेत धरूनही ठेवत नाही. त्याला प्रवाळांत चटकन गिरकी घ्यायची असते, एक्स्प्रेसवेवर जायचं नसतं. गाडी चांगली निघाली ती विंड टनेलमध्ये, म्हणजे वाऱ्याचा झोत सोडून गाडी तपासायच्या बोगद्यात, घासूनपुसून घेतली म्हणून. माशाला ना चाकं, ना पोटाखाली वीतभर अंतरावर रस्ता.

लुइजी कोलानी हे जर्मन डिझाइनर गोलाईचे परमभक्त. त्यांनी ट्रक गोल केले, कॅननचा टी-90 कॅमेरा गोल केला, पियानोही सोडला नाही. कॅमेऱ्याची गोलाई हाताला बरी वाटते. पियानोला वाऱ्याशी काय देणंघेणं? स्केचबुकात प्रत्येक वळणाशेजारी लिहा: हे हातासाठी, डोळ्यांसाठी की हवेसाठी? तिन्ही कारणं चालतात, फक्त एकाचं श्रेय दुसऱ्याला देऊ नका.

प्रश्न (सोलापूर): आमचा बस बॉडी बांधण्याचा व्यवसाय आहे. गिऱ्हाईक म्हणतं, तोंड विमानासारखं करा. फायदा होईल?

तोंड नको, कोपरे गोल करा. वीतभर त्रिज्या पुष्कळ झाली, त्यापुढे सीटा कमी होतील, डिझेल नाही. 1950 ची फोक्सवॅगन व्हॅन आठवा. पहिल्या नमुन्याचा सी-डी 0.75 होता. ब्राउनश्वाइगच्या विंड टनेलमध्ये समोरच्या भागावर काम झालं आणि तो 0.44 वर आला. वर ज्या बीटलचं कौतुक झालं, तिच्याहून हा डबा चांगला!

प्रश्न (मडगाव): हॅचबॅकला मागे स्पॉयलर, म्हणजे छताच्या कडेला ती पंखासारखी पट्टी, लावून घेतलाय. मित्र हसतात. तो नुसता शोभेचाच असतो का?

बाहेरून लावलेला, बहुतेक वेळा हो. पण स्पॉयलर ही चीजच शोभेची, असं मित्रांना म्हणू देऊ नका. 1998 साली आलेल्या पहिल्या ऑडी टीटीची पाठ सुंदर कमानीसारखी होती, स्पॉयलरशिवाय. ती कमान विमानाच्या पंखासारखी वागे आणि मोठ्या वेगात मागची चाकं हलकी होत. जर्मनीत ऑटोबानवर अपघात झाले, माणसं दगावली. कंपनीने गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर बसवला, सस्पेन्शन बदललं, ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा) दिलं.

तुमचा स्पॉयलर काही करतो का, हे पाहायला खर्च नाही. लोकरीचे बोटभर लांब तुकडे घ्या, छताच्या मागच्या भागावर आणि काचेवर टेपने ओळीत चिकटवा, फक्त वरचं टोक. मित्राला शेजारच्या लेनमधून गाडी न्यायला सांगा, व्हिडिओ त्याच्या बाजूला बसलेल्यानं काढायचा. धागे एका दिशेला शांत पडून राहिले तर हवा अंगाला धरून आहे. वेड्यासारखे गोल फिरत असतील तर ती आधीच सुटलीय. मग स्पॉयलर काढून हाच उद्योग पुन्हा करा, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने. दोन्ही व्हिडिओ सारखेच निघाले, तर हसणाऱ्या मित्रांना ते दाखवायचे की नाही हे तुम्हीच ठरवा.