पिशवी कोणाची धरशील?

मावशी, सलाम. मी सव्वीस वर्षांची, नगरला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाबरोबर तीन आठवडे केनियाला, किसुमूजवळच्या एका गावी सेवेला गेले होते. रोज सकाळी तिथल्या आरोग्यसेविकेबरोबर घरोघर फिरायचे. इतकी शांत झोप मला आजवर कधी लागली नव्हती. परत आल्यापासून मात्र इथलं सगळं पोकळ वाटतं. उपासनेला बसले की पंचांची भांडणंच डोळ्यांपुढे येतात. वस्तीत आरोग्य शिबिर घेऊ म्हटलं, तर कोणी हललं नाही. नोकरी सोडून वर्षभर तिकडे जाते म्हटल्यावर आईने अबोला धरला. देव मला तिकडेच बोलावतोय का?
– एक अस्वस्थ

बाळ, सलाम.

वर छापलाय तो तुझ्या पत्राचा गोषवारा. मूळ पत्र चार पानी, त्यात साडेतीन पानं केनिया आणि अर्धं पान नगर, तेही सगळं गाऱ्हाण्यांचं. केनियाची पानं मी दोनदा वाचली. पहिल्या दिवशी जो तो 'मामा, मामा' म्हणतोय आणि तू कोणाचा मामा आलाय म्हणून वळून बघतेस, तिथे मी एकटीच हसले. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, हे तुला संध्याकाळी कळलं!

त्या मामाची, म्हणजे तुझ्या आरोग्यसेविकेची, पिशवी तू तीन आठवडे धरलीस. आत वही, वजनकाटा, पोरांच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी. कोणत्या घरात बसायचं, कुठे दारातूनच विचारपूस करून निघायचं, हे तिला ठाऊक होतं, तुला नव्हतं. ती 'पोले पोले', म्हणजे हळूहळू, म्हणाली की तू पाय आवरायचीस. तुझ्या मनाने तिथे तू काहीच ठरवलं नाहीस. झोप लागली ती त्यामुळे, असं मला वाटतं.

आणि इथे? विमानातून उतरून दुसऱ्या आठवड्यात शिबिराची तारीख, डॉक्टर, मांडव, बॅनर. पिशवी धरणारी पोर एकदम मामा झाली.

केनिया सरकारने 2023 साली अशा सुमारे एक लाख सेविकांना साहित्याच्या पिशव्या देऊन कामाला लावलं. आपल्याकडे 2005 पासून आशाताई आहेत. तुझ्या वस्तीतही एक असेल, वही घेऊन उन्हातान्हात फिरणारी. चार पानांत तिचं नाव कुठे नाही. रागावतेय मी, पण रागावू दे.

पंचांचंही फार चुकलं नाही. शिबिरांनंतरचे चहाचे कप मी पुष्कळ विसळलेत. लोक बीपी मोजून घेतात, गोळ्या घेतात, जातात. पुढच्या महिन्यात कोणाची साखर किती हे विचारायला कोणी फिरकत नाही.

पंडिता रमाबाईंचं केडगाव तुला माहीत असेलच (नगरचं नव्हे, दौंडजवळचं). तिथल्या मुक्ती मिशनची, निराधार बायकांच्या आश्रमाची, गोष्ट सगळेच सांगतात, मला त्याआधीची वर्षं महत्त्वाची वाटतात. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलॅमचं आपलं घर दाखवलं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत होते. बाई हलून गेल्या. पण लगेच परत येऊन पाटी लावली नाही. चेल्टनहॅमला संस्कृत शिकवलं, स्वतः शिकत राहिल्या. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या, तिथल्या बालवाड्या पाहिल्या, बॉस्टनमध्ये पाठीराखे जमवले. मुंबईत शारदा सदन उघडलं ते 11 मार्च 1889 ला, दोन विद्यार्थिनींवर. विधवांना आपला सोवळा स्वयंपाक पाळता येईल अशी सोयही ठेवली. फुलॅमची माया तेवढी आणली, तिथली रीत आणली नाही.

तर आता हे कर. आशाताईला गाठ आणि विचार, "ताई, शनिवारी दुपारी तुमच्याबरोबर येऊ का?" नको म्हणाली तर आग्रह धरू नकोस. हो म्हणाली तर सहा महिने जा. फोन पर्समध्ये आणि शुभवर्तमानाची पत्रकं घरी. ती सरकारी कामावर असते, तुझ्यापायी तिला कोणी जाब विचारायला नको. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन किती आणि त्याचा अर्थ काय, हे तुझ्याइतकं सोपं करून कोण सांगणार तिथे?

देव बोलावतोय का, ते मी कशी सांगू? त्याच्या घरचं टपाल माझ्याकडे येत नाही. मामाला मात्र पत्र लिहिता येईल. "मी वर्षभर आले तर तुमचं कोणतं काम हलकं होईल?" एवढंच विचार. तिथे व्हिक्टोरिया सरोवराकाठी मलेरिया फार. रक्ताच्या काचा तपासणारं माणूस हवंय असं उत्तर आलं, तर जाण्याला अर्थ आहे. 'या, आम्हाला आनंद होईल' एवढंच आलं, तर तो पाहुणचार समज.

राहिली आई. तिकिटासाठी तिने भिशी मोडली, हे तू तिसऱ्या पानावर कंसात लिहिलंयस. उपासनेत उभी राहून सगळ्या मंडळीला साक्ष दिलीस, आईला निवांत काही सांगितलंस का? रविवारी मक्याचं पीठ आण, उगाली कर, सोबत पालेभाजी. "ही तर आपली उकडच, आणि तीही घट्ट झालेली," म्हणेल. म्हणू दे. मग मामाचं सांग.

– मावशी