प्रीमियर पद्मिनी गाडीचं स्टेअरिंग ताशी ६० किमीच्या पुढं थरथरतंय, काय करावं?

भाऊ, गॅरेजवाला लगेच स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडं नेणारा गिअरचा डबा) टाईट करायला निघाला म्हणताय, तर आधी त्याला थांबवा. बॉक्स जास्त आवळला की स्टेअरिंग जड होतं, वळणानंतर सरळ परत येत नाही, अन् थरथर तशीच राहते.

ठराविक स्पीडलाच थरथरत असेल तर दोष बहुतेक चाकात असतोय. आपल्या मराठवाड्यात पावसात शेतावर गाडी गेली की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटून दगडासारखी वाळते, बाहेरून दिसतच नाही, ती खरवडून काढा, मग चाकांचं बॅलन्सिंग (वजन सगळीकडं सारखं करणं) करा, टायरला फुगा आलाय का तेबी बघा.

खड्ड्यात आपटल्यावर हात झिणझिणेपर्यंत हलत असेल तर मात्र प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, शोधा. जॅक लावा, खाली स्टँड द्याच, चाक वर-खाली धरून हलवा अन् दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक डावी-उजवीकडं वळतं ती) नाहीतर सस्पेन्शन आर्मचे बुश (आर्मच्या सांध्यातली नळीसारखी आवरणं). मग चाक डाव्या-उजव्या बाजूनं धरून हलवा, तिथं टाय रॉड एंड अन् आयडलर आर्म (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंतच्या दांड्यांचे भाग) यांचा ढिलेपणा सापडतो. बेअरिंगचा नट आवळून परत किंचित ढिला करायचा, फिट्ट ठेवला तर बेअरिंग जळतंय, नट सुटू नये म्हणून लावतात ती स्प्लिट पिन नवीनच टाका.

किंगपिनला ग्रीस वेळेवर मारत जा, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. फक्त ब्रेक मारल्यावरच थरथरत असेल तर ब्रेकचे ड्रम लेथवर दाखवा. अलाइनमेंट (चाकांची दिशा नीट लावणं) सगळ्यात शेवटी, प्ले असताना केलेलं टिकत नाही.