वाचकांचे प्रश्न : स्पीकर केफचाच घ्यायचाय, पण कुठला?

प्रश्न : केफ या कंपनीच्या एलएस५० मेटा आणि आर३ मेटा या दोघांत अडकलोय. खोली १० बाय १२ फूट, बसायची जागा स्पीकरपासून ६-७ फुटांवर, अ‍ॅम्प्लिफायर ५० वॅटचा. जास्त करून गाणं आणि जॅझ ऐकतो, आवाज बेताचाच असतो. जो तो सांगतोय की आर३ वरचं मॉडेल आहे, परवडत असेल तर दुसरा विचारच करू नको. घेऊन टाकू का?

उत्तर : थांबा जरा. एकाच कंपनीत वरचं मॉडेल घेतलं की आवाजाचा पोतच बदलतो असं खूप जणांना वाटतं, आणि तो बहुतेक वेळा तसा बदलत नाही. या दोन्ही स्पीकरमध्ये युनि-क्यू ड्रायव्हर आहे, म्हणजे ट्विटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) मोठ्या कोनच्या (पुढेमागे हलून आवाज काढणाऱ्या शंकूसारख्या पडद्याच्या) बरोबर मध्यात बसवलेला, केफ हे १९८८ पासून करतेय आणि त्यांच्या आवाजाची ओळख बरीचशी तिथूनच येते. दोन्हींत ट्विटरच्या मागे मेटामटेरियलची चकती आहे (नावातला ‘मेटा’ तोच), ट्विटरच्या मागच्या बाजूने निघणारा आवाज शोषून घेणारी. त्यामुळे गायकाचा आवाज दोन्हीवर नात्यातलाच वाटेल. वर चढल्यावर तुम्ही मुख्यतः तीन गोष्टींचे पैसे देता : बेस किती खाली जातो, आवाज किती मोठा करता येतो आणि मोठा केल्यावर तो किती स्वच्छ राहतो.

आता यातलं तुमच्या कामाचं किती ते बघू. एलएस५० मेटा टू-वे आहे, म्हणजे आवाज दोन भागांत वाटलेला, सव्वापाच इंची एकच कोन बेसही वाजवतो आणि मधला आवाजही. बेस जोरात आला की तो कोन पुढेमागे जास्त हलतो, ट्विटर त्याच्याच पोटात बसलेला असल्यामुळे वरच्या स्वरांवरही त्याचा थोडा परिणाम होतो. आर३ मेटा थ्री-वे म्हणजे तीन भागांत वाटलेला आहे, खाली साडेसहा इंची वेगळा वूफर (फक्त बेस वाजवणारा कोन) आहे आणि साधारण ४२० हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं, आकडा लहान तितका स्वर खालचा) खालचं काम तोच करतो, मग युनि-क्यूच्या कोनला फारसं हलावंच लागत नाही. मोठ्या आवाजात, गर्दीच्या ऑर्केस्ट्रात हा फरक स्पष्ट कळतो आणि तिथे आर३ निःसंशय चांगला आहे, यात मला काहीच वाद घालायचा नाही. पण तुम्ही ६ फुटांवरून बेताच्या आवाजात ऐकणार, तेवढ्या आवाजात एलएस५०च्या कोनवरही फार ताण येत नाही.

मग राहिला बेस, आणि इथे खोलीचं गणित येतं जे कुणी सांगत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एक ठरावीक स्वर घुमतो, तो काढायचा म्हणजे आवाजाचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद घ्यायचा आणि भिंतींमधल्या अंतराच्या (मीटरमध्ये) दुपटीने भागायचं. १० फुटांना ५६ हर्ट्झ येतात, १२ फुटांना ४७. केफच्या आकड्यांप्रमाणे आर३ मेटा ५८ हर्ट्झपर्यंत जवळजवळ सपाट जातो (सगळे स्वर साधारण सारख्याच जोरात, प्लस-मायनस ३ डेसिबलमध्ये; डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप), म्हणजे तुमची खोली जिथे घुमते तिथेच तो भरपूर बेस ओतणार. एलएस५० मेटाचा तोच आकडा ७९ हर्ट्झ, त्याच्या खाली तो उतरत जातो आणि खोलीच त्याला थोडा हात देते. म्हणून छोट्या खोलीत बऱ्याचदा लहान स्पीकरचा बेस कमी असूनही नीट कळतो, कुठला स्वर वाजला ते ऐकू येतं, आणि मोठ्याचा सगळा एकाच सुरात घुमतो. आर३ घेतलात तर भिंतीपासून चांगला पुढे ठेवावा लागेल, पोर्टमध्ये (पेटीला हवेसाठी असलेल्या भोकात) फोमचे बोळे घालून बघावं लागेल, पण १० बाय १२ मध्ये पुढे घ्यायला जागा कुठून आणणार?

मी तुमच्या जागी असतो तर एलएस५० मेटा घेतला असता, दणकट स्टँडवर. फक्त एक लक्षात ठेवा, जॅझमधल्या डबल बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची असते, तिचा मूळ स्वर हा स्पीकर पूर्ण ताकदीने देणार नाही, वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले स्वर) ऐकून कान तो भरून काढतो. पुढे कधी ते खटकलं तर छोटा सबवूफर (फक्त खोल बेस वाजवणारी वेगळी पेटी) जोडा, ८०-९० हर्ट्झवर कापा, म्हणजे त्याखालचंच काम तो करेल, आणि जमलं तर एलएस५०ला जाणारा खालचा भाग हाय-पास फिल्टरने काढून टाका, त्याने त्या छोट्या कोनचा भार हलका होतो आणि मधला आवाजही मोकळा होतो.

प्रश्न : शोरूममध्ये हेच दोन्ही स्पीकर एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर बटण दाबून आलटूनपालटून ऐकले. आर३ लगेच जास्त जिवंत वाटला. शिवाय त्याची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच सिग्नलवर किती मोठा वाजतो ते) ८७ डेसिबल आहे आणि एलएस५०ची ८५, म्हणजे तो अ‍ॅम्प्लिफायरवर हलकाही पडेल ना?

उत्तर : तुम्ही ऐकलं ते खोटं नाही, पण त्यातला बराचसा भाग त्या २ डेसिबलचा आहे. व्हॉल्यूम तसाच ठेवून नुसतं बटण बदललं की आर३ थोडा मोठा वाजतो, आणि आपल्या कानांना तेवढा फरक मोठा म्हणून कळतच नाही, तो भरीव, जिवंत असाच कळतो. अशी तुलना काहीच सांगत नाही. पुढच्या वेळी शोरूमवाल्याला पिंक नॉइज (सगळे स्वर एकत्र असलेली सलग खरखर) लावायला सांगा, बसायच्या जागेवर मोबाइलवरच्या मीटरने दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या (मीटर अगदी अचूक नसला तरी चालतो, फक्त फरक मोजायचाय), आणि मग ओळखीची तीन-चार गाणी पूर्ण ऐका, अर्धा-अर्धा मिनिट नाही. मी तरी एक गाणं असं ठेवतो ज्यात फक्त गळा आणि एखादंच वाद्य आहे, आणि एक ज्यात डग्ग्याची घुमक किंवा बेस गिटार ठळक आहे. आणखी एक, दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी ठेवून ऐकू नका, प्रत्येकाला त्याच्या योग्य जागी ठेवून ऐका, थोडा वेळ गेला तरी चालेल.

आता ते हलकं पडण्याचं. सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्ट देऊन मोजतात, ८ ओमच्या (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरमध्ये तेवढ्याने १ वॅट जातो पण ४ ओमच्या स्पीकरमध्ये २. आर३ मेटा ४ ओमचा म्हणून दिलेला आहे, एलएस५० मेटा ८ चा. म्हणजे ते जास्तीचे २ डेसिबल फुकट आलेले नाहीत, आर३ अ‍ॅम्प्लिफायरकडून जास्त करंट ओढतो. अर्थात एलएस५०चा इम्पिडन्सही (म्हणजे हाच अडथळा) काही ठिकाणी ३.५ ओमपर्यंत उतरतो, तोही काही साधा गडी नाही. तेव्हा दोघांपैकी कुठलाही घ्या, अ‍ॅम्प्लिफायर ४ ओमवर निवांत चालतो का ते आधी बघा, वॅटचा आकडा त्यानंतर.

प्रश्न : माझ्याकडे २०१२ सालचा जुना एलएस५० आहे. २०२० मध्ये मेटा आला तेव्हापासून बदलायचं मनात आहे. फरक पडेल का?

उत्तर : पडेल, पण वरच्या भागात. पेटी तेवढीच, कोनचा आकार तोच, कागदावर ७९ हर्ट्झ आणि ८५ डेसिबल हेही तेच, त्यामुळे बेस वाढेल म्हणून बदलणार असाल तर राहू द्या. जुन्यात व्हायोलिन किंवा स्त्री आवाज वर गेला की थोडी धार जाणवते, मेटामध्ये ती निवळलीय, माझ्या कानाला तरी हा फरक खरा वाटला. ती धार तुम्हाला आजवर कधी खटकली नसेल तर जुना छान स्पीकर आहे, तेवढ्या पैशात सबवूफर घेतलात तर जास्त मोठा बदल ऐकू येईल.

प्रश्न : खोली २० बाय १५ आहे. आर३ मेटा स्टँडवर ठेवू की सरळ आर५ मेटा हा उभा स्पीकर घेऊ? नावावरून वाटतं की आर५ दोन पायऱ्या वर आहे.

उत्तर : आकड्यावरून पायऱ्या मोजू नका. आर५ मध्ये सव्वापाच इंची दोन वूफर आहेत, आर३ मध्ये साडेसहा इंची एक. इंचांचा वर्ग करून बघितलं तर आर५ चं एकूण क्षेत्रफळ तीसेक टक्के जास्त भरतं, आणि कंपनीच्या आकड्यात बेस ५८ वरून ५२ हर्ट्झवर येतो. म्हणजे फरक आहे पण पायरी एकच, तीही छोटी. सेन्सिटिव्हिटी दोघांची ८७ च. स्टँडवर ठेवल्यावर आर३ जमिनीवर तेवढीच जागा खातो, स्टँडचे पैसे वेगळे, म्हणून दोन्हींची एकूण बेरीज करा आणि फरक थोडाच उरला तर आर५ घ्या. घरात लहान मुलं असतील तरी आर५, कारण स्टँडवरचा स्पीकर धक्क्याने पडू शकतो.

पण २० बाय १५ मध्ये खरा मोठा, भरदार आवाज हवा असेल तर आर७ मेटा ऐकून बघा. साडेसहा इंची दोन वूफर म्हणजे आर३ च्या थेट दुप्पट, ही उडी मात्र खोलीभर जाणवते. आणि आर३ च घ्यायचं ठरलं तर स्टँड स्पीकरची उंची बघून निवडा, बसल्यावर युनि-क्यूचा मध्य तुमच्या कानाच्या रेषेत आला पाहिजे, आर३ मध्ये तो वूफरच्या वर असतो त्यामुळे एलएस५० साठी घेतलेला उंच स्टँड इथे चालेलच असं नाही.