बाथरूमच्या भिंतीवर ब्रिक पॅटर्नमध्ये टाइल लावताना सुरुवात कुठून करावी?

तुम्ही दिलेली मापं अशी: समोरची भिंत 4 फूट, टाइल 100 बाय 300 मिलिमीटर, पांढरी चकचकीत. आणि मिस्त्री म्हणतोय की दाराकडच्या कोपऱ्यातून अख्खी टाइल घेऊन निघतो, पुढे ‘सेट हो जाएगा’. त्याला जरा थांबवा. मी मुंबईत फ्लॅटच्या दुरुस्तीची कामं करून घेतो. ब्रिक पॅटर्न बहुतेक वेळा आखणीतच बिघडतो, मग हात कितीही चांगला असो.

सरळ पॅटर्नमध्ये एक ओळ जमली की सगळ्या जमल्या. इथे ओळी दोन तऱ्हेच्या, एकाआड एक, अर्ध्या टाइलने सरकलेल्या. म्हणून दोन्ही ओळींची टोकं आधी कागदावर काढायची. तुमचीच भिंत घेऊ. गिलावा झाल्यावर ती 1220 मिलिमीटर भरली आणि सांधा 2 मिलिमीटरचा धरला. मिस्त्रीच्या पद्धतीने गेलात तर दर दुसऱ्या ओळीत पलीकडच्या कोपऱ्यात जेमतेम 10-12 मिलिमीटरची पट्टी येईल. भिंतीच्या मध्यावर सांधा ठेवलात तर आणखी वाईट: चार अख्ख्या टाइल आणि दोन्ही टोकांना 5-5 मिलिमीटर. एवढी चिरी कापता कापताच तुटते. बरं, सांध्याऐवजी टाइलचा मध्य मध्यरेषेवर आणला, तर त्या ओळीची टोकं झकास 156 ची येतात, पण तिच्या वरची ओळ पुन्हा तीच 5 वाली. ‘मध्यापासून सुरू करा’ हा सल्ला सगळेच देतात, पण तुमच्या मापाला तो लागू पडत नाही.

इथे मध्यरेषेपासून पाव टाइल, म्हणजे साधारण 75 मिलिमीटर, बाजूला सरकायचं. मग एका ओळीत डावीकडे 80, मध्ये तीन अख्ख्या, उजवीकडे 231. पुढच्या ओळीत बरोबर उलट. सगळ्यात लहान तुकडासुद्धा पाव टाइलपेक्षा मोठा राहतो आणि भिंत डोळ्याला समतोल दिसते. कोपऱ्याच्या फटीसाठी या तुकड्यांतून दोनेक मिलिमीटर कमी करा. त्या फटीत ग्राउट (टाइलच्या सांध्यांत भरायचा मसाला) नको, सिलिकॉन भरा. दोन भिंती मिळतात तिथे ग्राउटला तडा जातो.

बाजूच्या भिंतींसाठी हिशोब पुन्हा मांडू नका. समोरच्या भिंतीवर टोकाला टाइल कापली की उरलेला तुकडा त्याच ओळीत कोपऱ्यापलीकडे लावायचा, म्हणजे पॅटर्न कोपऱ्यातून वळून गेल्यासारखा दिसतो. दाराजवळच्या शेवटाला जे येईल ते येऊ दे. दार उघडल्यावर नजर समोरच जाते.

आता उंची. बाथरूमच्या लादीला नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी निघून जायच्या जाळीकडे, ढाळ असतो. 6 फुटांत 1:100 चा ढाळ म्हणजे 18 मिलिमीटर, मिस्त्रीच्या भाषेत जवळपास सहा सूत. म्हणून तळाची ओळ आधी लावायचीच नाही. लादी जिथे सर्वांत खाली असेल तिथे अख्खी टाइल बसेल एवढ्या उंचीवर, लेव्हल पाइपने किंवा लेझरने खुणा करून, अॅल्युमिनियमची पट्टी चारही भिंतींना आडवी ठोका. दुसरी ओळ तिच्यावर बसवून वर जा. लादी झाल्यावर पट्टी काढा आणि तळाची ओळ ढाळाप्रमाणे कापून बसवा. वरचा शेवट फॉल्स सीलिंगमागे लपणार असेल तर त्याची चिंता सोडा. खिडकी असली तर मात्र तिच्या खालच्या कडेला ओळ कुठे येते ते पट्टी ठोकण्याआधी मोजून घ्या.

इमारत जुनी असेल, गिरगाव-लालबागकडची, तर भिंत ओळंब्यात नसतेच. टाइल अॅडहेसिव्हचा थर काही मिलिमीटरचाच असतो, त्यात भिंतीचा पोट-बाक झाकता येत नाही. आधी गिलाव्याने भिंत सरळ करून घ्या आणि वरची सगळी मापं गिलाव्यानंतरच घ्या. उभी रेघ ओळंब्याने मारा, कोपऱ्याच्या भरवशावर नको.

स्पेसर, म्हणजे सांधा सारखा राहावा म्हणून मध्ये ठेवायचे प्लास्टिकचे तुकडे, इंग्रजी टीच्या आकाराचे आणा. अधिकच्या चिन्हाचे मिळाले तर मिस्त्रीला एक पाय मोडायला सांगा, कारण इथे चार कोपरे एकत्र येतच नाहीत.

मोठ्या टाइलही अशाच लावाव्यात का, असं कुणीतरी विचारलंय म्हणून लिहितो. 300 बाय 600 ची टाइल अर्ध्याने सरकवू नका, तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त तर नाहीच. लांब टाइल भाजताना किंचित वाकते. अर्ध्याने सरकवली की एकीचा फुगीर मध्य दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशेजारी येतो आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात प्रत्येक सांध्याची सावली पडते. दुकानात दोन टाइल तोंडाला तोंड लावून पाहा, टोकाशी फट दिसली तर बाक आहे. शेजारच्या टाइल एका पातळीत धरणाऱ्या लेव्हलिंग क्लिपने तो जात नाही. तिसऱ्या हिश्श्याने सरकवताना दोनऐवजी तीन ओळींची टोकं तपासावी लागतात, हेही धरून चला.

ब्रिक पॅटर्नमध्ये कापाकापी जास्त, म्हणून 10 ते 15 टक्के माल जादा घ्या. खोक्यांवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे ना, ते टेम्पोतून उतरवतानाच बघा. वर चढवल्यावर परत पाठवायचं म्हणजे हमालीचा भुर्दंड आणि वॉचमनशी वाद.