फ्लोअरिंग राहू द्या, आधी हॉलची उंची कुठपर्यंत मोजलीय ते बघा

‘आराखडा मंजूर झाला, आता फक्त बांधकाम उरलंय’ हे तुमच्या पोस्टमधलं, आसपासच्या गावांसाठी बांधत असलेल्या क्रीडा हॉलबद्दलचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. आमच्या हॉलच्या समितीच्या बैठकीत अगदी हेच मी म्हणालो होतो, टाळ्याही मिळाल्या होत्या.

जागा, निधी, आसपासच्या गावांना एकत्र आणणं, हे सगळं तुम्ही पार केलंय, त्यात शिरत नाही. तुम्ही विचारलंय फ्लोअर लाकडी घ्यावं की पीव्हीसीचं. सांगतो, पण तो नंतरचा प्रश्न आहे. (मी इंजिनिअर नाही. समितीत काही वर्षं घासलेला माणूस आहे, तेवढ्याच हिशेबाने घ्या.)

आमच्या नकाशावर ‘उंची ९ मीटर’ लिहिलं होतं. आम्ही खूश. तो आकडा छपराच्या माथ्यापर्यंतचा होता. ट्रसची (छप्पर पेलणाऱ्या सांगाड्याची) खालची दांडी आली सात मीटरच्या जेमतेम वर, तिच्याखाली दिवे आणि दिव्यांच्या जाळ्या. कोर्टावरून मोजलं तर मोकळे साडेसहा मीटर. व्हॉलीबॉलच्या नियमात कोर्टावर किमान ७ मीटर मोकळी जागा लागते, मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना १२.५. बास्केटबॉलचा नियम तर ‘छत किंवा सर्वात खालचा अडथळा’ ७ मीटरवर हवा, असं सरळ सांगतो. बॅडमिंटनचं तर बोलायलाच नको, वरच्या स्पर्धांना १२ मीटर मागतात. आम्ही अडलो अर्ध्या मीटरवर.

दुखतं ते हे की पायाचं काम चालू असतानाच एका प्रशिक्षकाने हे दाखवून दिलं होतं. मंजुरी देणाऱ्या कार्यालयात चार खेपा घातल्या. (नाव घेत नाही.) उत्तर ठरलेलं: नकाशात ९ आहे, नकाशा मंजूर आहे. बदल हवा तर नवी फाइल, आणि तोवर निधी परत गेला तर जबाबदारी तुमची. शेवटच्या खेपेला ‘खेळायचंच आहे ना, मग खेळा की’ हेही ऐकलं. पण खरी घोडचूक आमची. चारही खेपा तोंडी. एक पत्र दिलं नाही, एक पोच घेतली नाही. पुढे स्पर्धा नाकारली गेली, तेव्हा तेच कार्यालय म्हणालं, ‘तुम्ही कधी कळवलंच नाहीत.’

सराव रोज होतो, मुलं येतात, ते नाकारत नाही. पण आख्ख्या भागाचं केंद्र म्हणवायचं तर निवड चाचण्या आणि स्पर्धा तिथे व्हायला हव्यात. त्यातूनच स्थानिक पंच तयार होतात, बाहेरचे संघ येतात आणि मिळालेल्या भाड्यावर रोजच्या सरावाची फी कमी ठेवता येते. आमच्याकडे ते झालंच नाही. वीजबिल भागवायला हॉल कार्यक्रमांना देऊ लागलो. संध्याकाळच्या वेळा त्यात गेल्या आणि खुर्च्यांच्या पायांनी फ्लोअरचं वाटोळं केलं.

हां, फ्लोअर. माझं मत लाकडाकडे, पण हॉल फक्त खेळासाठीच राहणार असेल तरच. काहीही घ्या, खालचं काँक्रीट किती सुकलंय हे मोजल्याशिवाय बसवू देऊ नका. ओल राहिली तर लाकूड फुगतं, पीव्हीसीचा गोंद सुटतो. लाकडाला भिंतीलगत फट लागते, ती ‘बरी दिसत नाही’ म्हणून बुजवणारे महाभाग भेटतील, त्यांना हाकला.

जाता जाता: बॅडमिंटनच्या कोर्टावर थेट डोक्यावर दिवे नकोत, बाजूने हवेत, नाहीतर उंच शटल दिसतच नाही. आणि सामानाची खोली नकाशात आहे त्याच्या दुप्पट करा. मॅट, पोल आणि नेट शेवटी कोर्टाच्या कडेलाच पडतात, म्हणजे जिथे खेळाडू धावत येऊन आदळतो नेमकं तिथे.

तुमच्या पोस्टमध्ये वरून दिसणारा नकाशाच आहे, त्यावरून उंची कळत नाही. उभ्या छेदाचा (इमारत उभी कापली तर आतून कशी दिसेल त्याचा) कागद टाका, मी बघतो. तोवर ट्रसची ऑर्डर मात्र थांबवा, आणि थांबवायचं पत्र देऊन पोच घ्या.